विचर ४: बाउक म्हणजे आपला बाऊच की! (शत्रू, फीचर्स, अंदाज, भांडणं सगळं इथेच)

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. मागच्या धाग्यात ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवरून इतकी जुंपली की शत्रूंचा विषय तसाच राहिला. म्हणून हा वेगळा धागा. कार्डावर बोलायचंय त्याने तिकडेच जावं. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा; त्याच्यावरच्या गेममालिकेतल्या विचर ४ मध्ये काय असेल, कोण अंगावर येईल आणि त्याला कसं लोळवायचं, एवढंच.

पक्कं काय ते आधी सांगून टाकतो. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये द गेम अवॉर्ड्सला आला. मुख्य पात्र आधीच्या भागांचा नायक गेराल्ट नाही, त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी. विचर होण्याच्या त्या जीवघेण्या प्रयोगातून ती गेलीय, डोळे मांजरासारखे झालेत. जून २०२५ मध्ये अनरिअल इंजिन ५ वरचा टेक डेमो दाखवला. त्यात कोव्हिरचे डोंगर, व्हाल्ड्रेस्ट नावाचं बंदर आणि सिरीची काळी घोडी केल्पी. २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही, हे कंपनीनेच (पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड) सांगितलंय. यापुढे जो कोणी 'आतली बातमी' म्हणून सांगेल त्याला मनावर घेऊ नका, त्यात मीही आलो.

आता माझा अंदाज. ट्रेलरमधला राक्षस म्हणजे बाउक. मूळ सर्बियाच्या लोककथांतला. अंधाऱ्या जागी, पडक्या घरात, बिळात दबा धरून बसतो आणि जवळ आलेल्याला ओढून नेतो. उजेडाला आणि गोंगाटाला घाबरतो. हे वाचलं आणि हसूच आलं. लहानपणी जेवत नसलो की आई काय म्हणायची? "बाऊ येईल हं!" शब्दाचं नातं असो नसो, धंदा तोच.

ट्रेलरमधला बाउक माणसाच्या भीतीवर खेळतो. मला वाटतं त्याच्याशी लढताना जितकं मागे सरकाल, जितके लोळून लोळून पळाल (आपण सगळे तेच करतो, खोटं बोलू नका), तितका तो वाढत जाणार. विचर ३ ची सवय इथे अंगाशी येणार. पटतंय का?


भुसावळ_लोको

रात्रपाळीवर आहे, त्यामुळे पहिला प्रतिसाद माझा. भो, शत्रू कोणताही द्या, पण समुद्रात नकाशावरची प्रश्नचिन्हं नकोत. विचर ३ च्या स्केलिग बेटांवर होडी हाकत हाकत एकेका प्रश्नचिन्हापाशी जायचं, उडणाऱ्या सायरन होडी फोडायच्या, खाली बुडी मारायची आणि तस्करांच्या पेटीत निघणार काय, तर दोन फाटके हातमोजे. मी ते सगळे पूर्ण केले. आठवडे गेले. बायको अजून टोमणे मारते, "झाली का तुमची होडी पार?"

कोव्हिर म्हणजे परत समुद्रकिनारा. माझी भीती तीच आहे. बाउक गेला खड्ड्यात.


गिरणाकाठ, जळगाव

लोकोभाऊ, तुमच्या भीतीवर पोसलेला बाउक केवढा होईल याचा विचार करतोय.


पांझरा, धुळे

मागे हटलं की वाढतो, हा अंदाज मला पटला. पण विचर ३ मध्ये मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. सुरुवातीचंच, व्हाइट ऑर्चर्डमधलं विहिरीचं काम. ओसाड पडलेली वस्ती, मधोमध विहीर आणि भर दुपारी तिथे फिरणारी नूनरेथ, म्हणजे दुपारचं भूत. नुसती तलवार चालवून ती संपत नाही. आधी घरांतून चौकशी करायची, मग विहिरीत उतरून तिचं कडं शोधायचं, मग तिच्या अवशेषांसोबत ते जाळायचं, तेव्हा कुठे ती समोर येते. त्यातही यर्डनचं, म्हणजे जमिनीवरच्या जादूच्या चिन्हाचं, रिंगण आखलं तरच तिला घाव नीट लागतो.

ही बाई स्लाव्ह लोकांच्या पोलुदनित्सेवरून घेतलीय. दुपारी शेतात थांबलेल्याला गाठणारी. उन्हाच्या झटक्यालाच लोकांनी बाईचं रूप दिलं असं मानतात. आता मला सांगा, वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की यापेक्षा वेगळं काय असतं? माझी आजी कापडण्याकडची. ती म्हणायची, "भर दुपारले हिरवर जाऊ नको, आसरा धरी लेतीन." लहान होते तेव्हा साती आसरांची भीती वाटायची. आता वाटतं, दुपारी बाराला पोरांनी काठ नसलेल्या विहिरीवर वाकू नये म्हणून म्हातारीने लावलेलं ते कुंपण होतं. आणि कुंपण चांगलं होतं, कारण मी एकदाही गेले नाही.

म्हणून माझी मागणी अशी: विचर ४ मध्ये शत्रूला वेळ आणि जागा असू दे. बाराच्या ठोक्यालाच दिसणारी, किंवा फक्त पहिल्या पावसानंतर येणारी. नाहीतर रस्त्याने जाताना लांडगे, परत लांडगे, मग बुडकुले, आणि पुन्हा लांडगे.


भुसावळ_लोको

बुडकुले म्हणजे ड्राउनर ना? शब्द चोरतोय.


पांझरा, धुळे

चोरा. भाडं लागणार नाही.


केळीचा_घड, यावल तालुका

मी जास्त लिहीत नाही, वाचत असतो. पण जागेचा विषय निघाला म्हणून.

आमचं शेत फैजपूरच्या बाजूला. ठिबक यायच्या आधीची गोष्ट. आजोबा रात्री केळीला पाणी भरायला गेले होते, कारण लाइट रात्रीची. कांदेबाग होती, घड लागलेले, बांबूचे टेकू दिलेले. हातात कंदील. केळीच्या बागेत रात्री कधी गेला नसाल तर सांगतो, चारी बाजूंना सारखंच दिसतं. खोड, पान, खोड, पान. पान अंगाला लागतं ते गार आणि ओलं असतं, कोणीतरी हात फिरवल्यासारखं. आजोबांनी बारं फिरवलं आणि बांधाकडे निघाले. थोडं चालल्यावर एक वाकडा घड दिसला, त्याचा टेकू सरकलेला. टेकू नीट केला. पुढे गेले. परत एक वाकडा घड, टेकू नीट केलेला. तोच. तिसऱ्यांदा तोच घड समोर आला तेव्हा ते समजले, चकवा लागला.

आमच्याकडे चकवा लागला की चालायचं नाही. जागच्या जागी बसायचं. आजोबा चिखलात बसले आणि बिडी पेटवली. एक संपली की दुसरी. पहाटे सावद्याकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, तेव्हा त्यांना दिशा लागली. बांध पन्नास पावलांवर होता.

आता गेमचं सांगतो. विचर ३ मधला लेशेन जंगलाचा मालक आहे म्हणतात, पण तो करतो काय? कावळे सोडतो, मुळं उगवतो, लांडगे बोलावतो. हाणामारी. माझा अंदाज म्हणा की इच्छा म्हणा, या वेळी जंगलात शिरल्यावर मिनीमॅपच खोटा झाला पाहिजे. बाण उत्तर दाखवेल आणि आपण फिरून त्याच वाकड्या झाडापाशी. पळाल तितके आत जाल. बसलात, आग पेटवली, थांबलात, तर सुटाल. विचर ३ मध्ये ध्यानाला बसायचं ते औषधं भरून घ्यायला. इथे बसणंच औषध.


गिरणाकाठ, जळगाव

घडभाऊ, आजवर गप्प का होतात? हे फीचर कोणी आयतं पोलंडला नेऊन द्या रे.

आणि गंमत बघा. स्लाव्ह कथांमधला मूळ लेशी नेमकं हेच करतो. वाटसरूला रानात गोल गोल फिरवतो. त्यावर त्यांचा उतारा म्हणजे अंगातले कपडे उलटे घालायचे, बूट उजवा डाव्या पायात. म्हणजे बिडी तेवढी आपली.


भुसावळ_लोको

सावद्याकडची शिट्टी म्हणजे आमचीच खंडवा लाइन. पहाटेची असेल तर मालगाडीही असू शकते. आजोबांना सांगा, रेल्वेतर्फे नमस्कार.


केळीचा_घड, यावल तालुका

आजोबा गेले भाऊ, बरीच वर्षं झाली. पण सांगतो पिंपळाला.


पुण्यात_अमळनेरकर

भावनिक झाले सगळे. मी पाणी ओतायला आलोय.

एक: ट्रेलर आधी रेंडर करून ठेवलेला होता, गेमप्ले नव्हता. दोन: टेक डेमो म्हणजे तंत्राचं प्रदर्शन, खुद्द गेम नव्हे, हे त्यांनीच स्पष्ट केलंय. साध्या पीएस५ वर ६० एफपीएसमध्ये (सेकंदाला ६० चित्रं), रे ट्रेसिंगसकट (खऱ्यासारखा उजेड-सावली) चालवून दाखवला, बाजारात माणसांची ती एवढी गर्दी दाखवली, मान्य. पण एक बाजार चालवणं आणि अख्खा देश चालवणं यात फरक आहे. तीन: याच स्टुडिओचा सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला होता. पुढे त्यांनी तो नीट केला, तेही कौतुकाने सांगतो. पण पहिल्या दिवशी पैसे टाकणारा मी नाही.

अंदाज विचाराल तर मिनीमॅप खोटा वगैरे काही होणार नाही. मोठ्या गेमात खेळणारा दोन मिनिटं हरवला तर तो चिडतो आणि एक तारा देतो. हे धाडस दोन-चार जणांची छोटी टीम करते, शेकडो लोकांचा स्टुडिओ करत नाही.


पांझरा, धुळे

अमळनेरकर, मुद्दा खरा आहे, फक्त इतका थंड कसा मांडता येतो? पुण्याच्या हवेचा परिणाम. इथे आमचा कूलर सुद्धा गरम वारा मारतोय.


भुसावळ_लोको

कूलरवरून आठवलं. खान्देशात पीसी घेणाऱ्याने दोन कूलर घ्यावेत, एक प्रोसेसरला, एक स्वतःला. आणि डेझर्ट कूलर पीसीकडे तोंड करून लावू नये. मी लावला होता. मे महिन्यात ओलसर वारा आत गेला, दोन वर्षांची धूळ बसलेली होतीच, तिचा चिखल झाला. दुकानदाराने उघडून बघितलं आणि विचारलं, "यात गहू पेरला होता का?"


गिरणाकाठ, जळगाव

हार्डवेअर तिकडच्या धाग्यात! (पण गहू भारी.)

अमळनेरकर, एक विचारतो. विचर ३ नेही त्या काळी धाडसच केलं होतं ना? २०१५ मध्ये एवढ्या मोठ्या नकाशावर साध्यासुध्या खेडुताच्या कामाला इतकी कथा कोण देत होतं? ६ कोटींच्या वर प्रती खपल्या. लोकांना नकाशा आठवत नाही, व्हेलेनचा तो दारुडा बॅरन आठवतो.


शहाद्याचा_स्वार

तुम्ही राक्षस बघा, मी घोडी बघतो.

आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून तापीकाठी घोडेबाजार भरतो. वडिलांचं बोट धरून जायला लागलो तेव्हापासून एकही साल चुकवलं नाही. घोडं घेणारा माणूस कसा बघतो माहीत आहे? आधी दात, मग भोवरे, मग चालवून. रेवाल चालीचं घोडं असेल तर मालक वर बसून हातात पाण्याचा पेला धरतो, पाणी हिंदकळलं नाही पाहिजे. मी टेक डेमो त्या नजरेने बघितला, पाच-सहा वेळा. केल्पी उतारावर वळते तिथे थांबवून बघा. पुढच्या पायावर भार आला की खांद्याचा स्नायू कातडीखाली सरकतो, मग बरगडीवर सुरकुती येते. हे आजवर कुठल्या गेममध्ये बघितलं नव्हतं. यंत्राला शिकवून स्नायू बसवलेत असं ते सांगत होते. विचर ३ मधली गेराल्टची घोडी रोच बिचारी घराच्या छपरावर जाऊन उभी राहायची, तिथून हा प्रवास.

माझा अंदाज वेगळा आहे. विचर ३ मध्ये घोडीला भीतीचा आकडा होता. राक्षस जवळ आला की तो भरायचा आणि ती आपल्याला पाडायची. झापडं बांधली की कमी व्हायचा. इथे तो आकडा काढून टाकतील आणि सगळं कानांवर आणतील. खऱ्या घोड्याला माणसाच्या आधी कळतं. कान मागे पडले म्हणजे राग. एक कान पुढे, एक बाजूला म्हणजे तिकडे काहीतरी आहे. दोन्ही ताठ पुढे आणि पाय रोवले, की समजायचं, आता स्वाराने उतरावं. पडद्यावर लाल ठिपका नको. केल्पीचे कान बघत चला.

सिरीच्या गळ्यातलं पदक थरथरतं ते आहेच. पण पदकाला कान नसतात.


पुण्यात_अमळनेरकर

हे मात्र होऊ शकतं. स्नायूंवर इतका खर्च करणारे कानावर करतील. स्वारभाऊ, एक गुण तुम्हाला.


गिरणाकाठ, जळगाव

पुढचा विषय, कोव्हिर. (ज्यांनी विचर ३ संपवला नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडा.)

कोव्हिर हा उत्तरेकडचा श्रीमंत देश. खाणी, मीठ, व्यापार, आणि कोणाच्या युद्धात पडायचं नाही हे धोरण. हिवाळी राजधानी लान एक्सेटर, कालव्यांचं शहर. विचर ३ च्या नोव्हिग्राड शहरात जादूगारांना जाळायला लागले तेव्हा त्यांना जहाजाने पाठवलं ते याच कोव्हिरला. ट्रिस ही जादूगारीण त्या जहाजावर चढते की नाही, हे आपल्या हातात होतं. म्हणजे सिरी कोव्हिरमध्ये फिरत असेल तर ट्रिस भेटायलाच हवी. गेराल्टचा आवाज देणारे डग कॉकल यांनी सांगितलंय की गेराल्ट असेल, पण गोष्ट त्याची नसेल. मग ट्रिसच्या बाबतीत तुमचा जुना निर्णय मोजणार का? मी तर यावर रात्रभर भांडायला तयार आहे.

आणि खाणी आहेत म्हटल्यावर खाणीतले शत्रू आलेच. टेक डेमोमध्ये मँटिकोरचा हल्ला होता, पण तो उघड्यावरचा. मला खाली, अंधारात, टेकूच्या लाकडांमध्ये काय असेल ते हवंय. बाउकला अंधार लागतो आणि खाणीत अंधाराची कमी नाही. उजेडाला तो घाबरतो म्हणजे मशाल हेच हत्यार. मशाल एका हातात धरली की साखळी चालवता येणार नाही. ती ट्रेलरमधली साखळी! निवड करा: दिसणार की मारणार.


भुसावळ_लोको

ट्रिसला मोजणार. नाहीतर मी यर्डन आखून स्टुडिओसमोर बसेन.


सातपुड्याचा_पावरा, धडगाव

इथे पहिल्यांदा लिहितोय. चूकभूल माफ.

चर्चा चांगली चाललीय. एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतो. चकवा, आसरा, मुंजा, सगळ्यांना तुम्ही शत्रूच्या यादीत टाकताय. लेशेनबद्दलही तसंच. आमच्याकडे वाघदेव आहे. वाघाची भीती होती म्हणूनच वाघदेव आहे, हे खरं. पण त्याला कोणी मारायला जात नाही. त्याला पुजतात, त्याचा हिस्सा ठेवतात. रान त्याचंही आहे, आपलंही आहे, एवढा करार आहे. गेममधल्या शत्रूसारखी त्याच्या डोक्यावर ताकदीची लाल पट्टी आणि त्यात आकडा, हे मला बघवणार नाही.

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. धनत्रयोदशीपासून लोक डोंगर चढतात. वर अश्वत्थामा आहे अशी श्रद्धा. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो रानात तेल मागत फिरतो, आणि वाट चुकलेल्याला रस्ताही दाखवतो असं सांगतात. मी पाच वेळा गेलोय. रात्रीच्या चढणीला पुढे कोणाचीही बॅटरी हलताना दिसली की मनात येतंच. आता हा शत्रू आहे का? चिरंजीव आहे, लढवय्या आहे, जखमी आहे, मोठं पापही केलंय त्याने. गेममध्ये असा कोणी भेटला तर आपण पहिल्यांदा तलवार काढू. मला असं हवंय की त्याने तेल मागावं आणि आपल्या पिशवीत ते असावं किंवा नसावं, एवढंच.


पांझरा, धुळे

दादा, तुम्ही लिहीत राहा. हे वाचून माझा वरचा प्रतिसाद मलाच थोडा उथळ वाटला.


पुण्यात_अमळनेरकर

पावरादादा, विचर ३ मध्ये याच्या जवळ जाणारं एक काम आहे. स्केलिगमध्ये फेयरलुंड गाव. रानात जुना लेशेन. म्हाताऱ्यांचं म्हणणं, तो आमचा रक्षक आहे, त्याला मान द्या. तरुणांचं म्हणणं, मारा आणि मोकळे व्हा. मी पहिल्यांदा तरुणांचं ऐकलं, दुसऱ्यांदा म्हाताऱ्यांचं. दोन्ही वेळा शेवट बघून जेवण गोड लागलं नाही. तशी ती मालिका 'मारू की नको' विचारते. ट्रोलला सोडता येतं, सक्युबसला सोडता येतं, दलदलीतला जॉनी तर मित्रच होतो.


सातपुड्याचा_पावरा, धडगाव

फेयरलुंड खेळलोय. म्हणूनच लिहिलं. तिथे दोनच रस्ते दिले. आणि म्हाताऱ्यांना शेवटी वेडसर दाखवलं.


पांझरा, धुळे

म्हाताऱ्यांवरून ट्रेलरकडे परत येते, कारण सगळे बाउकवर बोलताय आणि शेवटावर कोणीच नाही.

मुलीला गाव सजवून बळी द्यायला पाठवतं. सिरी मध्ये पडते, राक्षसाला मारते, मुलीला सांगते की जा, आता तू मोकळी. आणि परत येऊन बघते तर त्या मुलीला गावानेच मारलेलं. ती जिवंत परतली हाच तिचा गुन्हा. राक्षस मेला यावर कोणाचा विश्वास नाही, कारण पिढ्यानपिढ्या त्याच्या नावावर गाव चाललंय. यात बाउकचं काम पाच मिनिटांचं आणि गावाचं शंभर वर्षांचं.

मी शिक्षिका आहे. नोकरीची पहिली वर्षं नंदुरबार जिल्ह्यात काढली. एका पोरीची आई डाकीण ठरवली गेली होती. मारहाण झाली नाही, तेवढं नशीब, पण त्या घरी कोणी पाणी प्यायचं नाही आणि पोरगी वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसायची. घरी कोणी आजारी पडलं की पोरं तिच्याकडे बघायची. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, चांगलं झालं. पण बाकावर शेजारी बसायचा कायदा नसतो. मी तिच्या शेजारी दुसरी मुलगी बसवली, तर दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर.

म्हणून मला गेममध्ये हे हवंय: राक्षस मारल्यावर काम संपू नये. पैसे घेऊन निघून गेल्यावर आठ दिवसांनी त्या गावात परत यावंसं वाटलं पाहिजे, आणि परत आल्यावर काय झालंय ते दिसलं पाहिजे. मुलीला सोबत नेण्याचा, तिच्या घरापर्यंत चालत जाण्याचा, रात्रभर दाराशी बसण्याचा पर्याय पाहिजे. सिरीने जर काही चूक केली असेल तर तीच, ती सोबत गेली नाही.


सातपुड्याचा_पावरा, धडगाव

ताई, खरं आहे. आमच्याकडे हे आहे आणि लाज वाटते. एवढंच म्हणेन की फक्त डोंगरावरच आहे असं कोणी समजू नये. खाली शिकलेल्या गावांतही विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पोशाख वेगळा, बाउक तोच.


पांझरा, धुळे

मान्य. लिहिताना माझ्या मनात ते यायला हवं होतं.


शहाद्याचा_स्वार

आता सिरी केल्पीवरून त्या पोरीला घरी सोडायला निघालीय आणि केल्पीचे कान गावाकडे ताठ झालेत. अंगावर काटा आला राव.


गिरणाकाठ, जळगाव

माझा वरचा अंदाज बदलतो. मागे हटलं की बाउक वाढतो, हे लढाईपुरतं ठीक. पण ताईंचं वाचल्यावर वाटतंय, गावाच्या भीतीवरच तो मोठा होत असणार. म्हणजे एकाच राक्षसाची ताकद दोन गावांत वेगळी. जिथे लोक दिवसाढवळ्या नाव घेऊन शिव्या देतात तिथे कुत्र्याएवढा. जिथे संध्याकाळी दारं बंद होतात तिथे ट्रेलरमधल्यासारखा. मग आधी गावात फिरा, बोला, एखाद्या म्हातारीला हसवा, आणि मग खाणीत उतरा.


पुण्यात_अमळनेरकर

म्हातारीला हसवण्याचं बटण कोणतं असेल?


भुसावळ_लोको

अहिराणी बोला, आपोआप हसते. स्केलिगच्या लोकांना इंग्रजीत आयरिश ढंग दिला होता ना? तर मराठीत कधी काढलाच तर कोव्हिरच्या खेडुतांना अहिराणी द्या. "काय वो सिरीबाई, कथी चालनी? तो बाउक रोज रातले येस. काय ते करी टाक बरं."


पांझरा, धुळे

"आनि पैसा कापूस इकावर देसू."


गिरणाकाठ, जळगाव

कापूस विकल्यावर! म्हणजे सिरी २०३० पर्यंत तिथेच.


केळीचा_घड, यावल तालुका

आता रात्रीचे पावणेतीन. थ्री फेज बाराला आली, मोटर चालू आहे, ठिबकचे फिल्टर धुऊन झाले, बांधावर बसून तुमचं सगळं वाचलं.

मघाशी तिसऱ्या लाइनीत पानं वाजली. वारा नव्हता. आमच्याकडे बागेत बिबट्या येतो, मागच्या साली शेजाऱ्याचं वासरू नेलं. डुक्कर तर रोजचंच. बॅटरी मारली, काही दिसलं नाही. मग लोखंडी डबा ठेवलेला असतो तो वाजवला. उजेड आणि गोंगाट, गिरणाभाऊंनी सांगितलेला बाउकचा इलाज. पानं परत वाजली, या वेळी लांब. जे काही होतं ते गेलं. बघायला गेलो नाही.

पावरादादांचं पटलं. घरी जाताना वाटेत पिंपळ लागतो, त्यावर मुंजा आहे म्हणतात. आजोबा तिथे थांबून "येतो रे" म्हणायचे, मीही म्हणतो. म्हणजे तो शत्रू नाही, शेजारी आहे. गेममध्ये हे एक बटण द्या. झाडाखाली गेलं की "येतो रे". त्याने काही मिळायला नको, एक्सपी (अनुभवाचे गुण) नको, पदक नको. फक्त म्हणता आलं पाहिजे.


भुसावळ_लोको

घडभाऊ, सव्वातीनला मालगाडी सुटतेय इकडून, खंडव्याकडे. सावद्याच्या अलीकडे वळणावर शिट्टी मारायला सांगितलंय ड्रायव्हरला. ऐकू आली तर इथे टाका.


केळीचा_घड, यावल तालुका

आली.